उबेचा भागाकार

हॉस्पिटलात त्यांना सगळे मोजेबाई म्हणत. डॉक्टर तोंडावर "सिस्टर" म्हणायचे आणि पाठ वळली की त्यांच्याही तोंडी मोजेबाईच यायचं. बाईंच्या खिशात थर्मामीटर, कात्री आणि पेन यांच्या जोडीला लोकरीचा एक गुंडा आणि दोन आखूड सुया कायम असायच्या. चहाच्या सुट्टीत बाकीच्या सिस्टर गप्पा हाणत, बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अंगठ्याएवढे पायमोजे विणत. वॉर्ड कुठलाही असो, हॉस्पिटलात कुणाचं ना कुणाचं बाळ जन्मलेलं असायचंच, आणि घरी जाताना त्या बाळाच्या पायात बाईंचे मोजे असायचे.

पण मोजे विणणाऱ्या या बाईंना मोजायची मात्र भीती वाटायची.

हे कुणाला माहीत नव्हतं. शाळेत असताना फळ्यापुढे उभं करून गुरुजींनी सात आठे किती ते विचारलं होतं, बाईंनी काहीतरी भलतंच उत्तर दिलं होतं, आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला होता. एवढंच. दुसऱ्या एखाद्या मुलीने घरी जाऊन दोन घास जास्त खाल्ले असते आणि विसरली असती. बाईंच्या डोक्यात मात्र ते हसू ठाण मांडून बसलं. तेव्हापासून गणिताशी त्यांचा छत्तीसचा आकडा. नर्सिंगच्या परीक्षा त्यांनी घोकून घोकून पार पाडल्या. प्रश्नाचे आकडे बदलले तर उत्तर चुकायचं, पण पास होण्यापुरते गुण कसेबसे पडायचे.

नोकरीत त्यांनी एक युक्ती शोधली. सलाईनचे थेंब काढायची, औषधाचा डोस वजनाप्रमाणे बसवायची वेळ आली की त्या शेजारच्या सिस्टरला म्हणायच्या, "तू तेवढा हिशेब कर गं, तोवर मी त्या आजोबांची चादर बदलते." चादर बदलायची, उलटी पुसायची, भांडं उचलायचं, ही कामं कुणालाच नको असायची. सौदा लगेच पटायचा. होता होता बाईंची ख्याती झाली. काय मनाची मोठी बाई, कुठल्याही कामाला नाक मुरडत नाही! मेट्रनबाई नव्या मुलींना त्यांचं उदाहरण द्यायच्या. मोजेबाई मान खाली घालून ऐकायच्या, लोकांना तो विनय वाटायचा.

घरीही तेच. लेक लहान असताना गणिताची वही घेऊन आली की बाईंना नेमकी दोरीवरच्या कपड्यांची आठवण व्हायची. "बाबांना विचार," असं म्हणून त्या गच्चीवर पसार. बाबा शिंपी होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं छोटं दुकान होतं आणि सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणायचा, जसं कुठल्याही शिंप्याला म्हणतात. मास्तर गळ्यात टेप अडकवून लेकीला अपूर्णांक शिकवायचे. लेक शिकली, मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. इतक्या वर्षांच्या संसारात मास्तरांनाही पत्ता लागला नाही की आपल्या बायकोला भागाकार येत नाही.

मग बाईंची बदली नवजात बाळांच्या विभागात झाली.

त्या वेळी त्यांची पन्नाशी जवळ आली होती. बदलीचा कागद पाहून त्यांना आनंदच झाला. आयुष्यभर ज्यांच्यासाठी मोजे विणले ती गिऱ्हाइकं आता हाताखाली येणार होती. आणि खरंच, त्या विभागात बाई पाण्यात मासा सोडावा तशा रमल्या. कमी दिवसांची, मूठभर वजनाची बाळं त्यांच्या हातात आली की रडायची थांबत. दूध न ओढणारं पोर बाईंनी बोटाने गालाला टिचकी मारली की चुटुचुटू ओढू लागे.

पण त्या खोलीत वॉर्मर होते.

वॉर्मर म्हणजे बाळाची उघडी गादी आणि तिच्यावर टांगलेली तापती कांडी. वरून ऊब खाली पडते, कोवळ्या उन्हासारखी, आणि ज्या बाळाच्या अंगात स्वतःची ऊब धरायची ताकद नसते ते तिच्याखाली तगतं. उन्हात बसल्यावर एका हाताएवढ्या जागेवर किती ऊन पडतं, हे मोजता आलं तर जसं होईल, तसा वॉर्मरला एक काटा असतो. गादीच्या अमुक एवढ्या जागेवर, अमुक एवढ्या वेळात किती उष्णता पडते ते तो काटा सांगतो. विभागात तीन वॉर्मर होते. दोन एकाच कंपनीचे, त्यांच्यावर चौरस मीटरला किती वॅट ते लिहिलेलं. तिसरा जुना, त्याचा काटा मात्र तासाला चौरस मीटरवर किती किलोकॅलरी ते दाखवायचा. नव्या वॉर्मरवर साधारण अडीचशे ठेवायचं, जुन्यावर दोनशे पंधरा. ऊब तीच, भाषा वेगळी.

एवढं पाठ करायला बाईंना काहीच अवघड नव्हतं. अडचण आली ती टॉर्चसाहेबांमुळे.

टॉर्चसाहेब म्हणजे हॉस्पिटलच्या यंत्रांची देखभाल करणारे इंजिनिअर. उंच, किडकिडीत, बोलायला हळू. दिवसाढवळ्याही शर्टाच्या खिशात टॉर्च. त्यांनी हातात धरायचा एक मीटर आणला होता. दर आठवड्याला सिस्टरने तो गादीवर ठेवायचा, त्यावरचा आकडा वाचायचा आणि वॉर्मरच्या काट्याशी ताडून पाहायचा. मीटर दाखवायचा वॅट. जुन्या वॉर्मरचा काटा दाखवायचा किलोकॅलरी. म्हणजे एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून मगच कळणार की काटा खरं बोलतो की नाही.

"सोपं आहे, सिस्टर," टॉर्चसाहेब म्हणाले. "किलोकॅलरीच्या आकड्याला एक पूर्णांक सोळा शतांशाने गुणायचं, की झाले वॅट."

बाईंच्या कानात फिदीफिदी हसू वाजलं.

काही आठवडे जुनी युक्ती चालली. जोडीला एक तरतरीत सिस्टर होती, ती ताडून पाहायची आणि बाई तिच्या वाटणीचे लंगोट धुवायला टाकायच्या. पण त्या सिस्टरचे दिवस भरत आले आणि ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. दुसऱ्या दिवशी मोजेबाई मेट्रनबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मला इथून हलवा," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्यांच्या वॉर्डात टाका. कुठेही टाका."

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वेड लागलंय का तुम्हाला? तुमचा हात बाळांना मानवतो. काय झालं? कुणी काही बोललं का?"

"नाही."

"तब्येत?"

"बरी आहे."

"मग नाही हलवत," म्हणून मेट्रनबाईंनी पुढचा कागद ओढला. बाईंना खरं कारण सांगता येईना. बदली मागणं सोपं होतं, सात आठे किती ते येत नाही हे सांगणं अवघड.

त्या संध्याकाळी मास्तर दुकान बंद करून आले तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती. बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि हातात विणकाम नव्हतं. ते पाहून मास्तर घाबरले.

"लेकीचा फोन आला होता का? सगळं ठीक ना?"

"सगळं ठीक आहे." बाईंनी पदराने नाक पुसलं. "अहो, मला भागाकार येत नाही."

मास्तरांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय येत नाही?"

"भागाकार. गुणाकारही मोठा आला की येत नाही. पाढे बारापर्यंत, आणि मधले विसरते. कधीच येत नव्हतं." आणि मग बाईंनी सगळं सांगितलं. फळा, गुरुजी, चादरी, गच्चीवरचे कपडे, वॉर्मर. बोलताना त्या मास्तरांकडे पाहत नव्हत्या.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. बाईंनी वळून पाहिलं तर ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हसा," बाई म्हणाल्या. "तुम्हीही हसा."

"अगं, तुला नाही हसत. पोरीला शिकवायला बसताना मी चहा करायचो ना, मला वाटायचं, तो तुला आवडत नाही म्हणून तू उठून जातेस. म्हणून मी चहा करायचाच सोडला!"

मग बाईही हसल्या. रडता रडता हसल्या. चूल पेटली. जेवण झालं. मास्तरांनी भांडी घासली आणि हात पुसत येऊन विचारलं, "मोज्याला किती टाके घालतेस?"

"चोवीस."

"टाच वळवताना?"

"अर्धे बाजूला ठेवते. बारा. मग तीन भाग करते, मधले चार सोडून दोन्हीकडून एकेक कमी करत जाते."

"आणि मोठ्या बाळाला?"

"छत्तीस घालते. मग अर्धे अठरा, आणि टाचेला सहा-सहा-सहा."

मास्तर नुसते बघत राहिले. बाईंना आधी कळेना. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"ते गणित नाही काही," त्या म्हणाल्या. "ते विणकाम आहे."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग आपण शिवणकाम करू."

आणि शिवणकाम सुरू झालं. मास्तरांनी दुकानातून कापड आखायचा खाकी कागद आणला. त्यांनी पहिल्या दिवशी गुणाकाराचं नावच काढलं नाही. एवढंच सांगितलं की कापड धुतलं की आटतं, म्हणून शिंपी शंभराला काहीतरी वाढवून कापतो. काही कापड पाच वाढवावं लागतं, काही दहा. "तुझ्या जुन्या वॉर्मरचं कापड शंभराला सोळा वाढवून कापायचं. शंभर किलोकॅलरी लिहिलं असेल तर वॅटमध्ये एकशे सोळा. दोनशे असेल तर?"

"दोनशे... बत्तीस."

"झालं की! आता दोनशे पंधरा."

बाईंनी ओठ चावले. "वरच्या पंधराला सोळा नाही लागणार, थोडेच लागतील. दोन-अडीच. म्हणजे दोनशे पंधरा, बत्तीस, आणि वर दोन..." त्यांनी बोटं मोजली. "अडीचशेला एक कमी?"

"एक-अर्धा इकडे तिकडे. शिलाईत जातो तेवढा."

बाईंनी तो आकडा पुन्हा पुन्हा करून पाहिला. नव्या वॉर्मरवर अडीचशे, जुन्यावर दोनशे पंधरा. इतके दिवस दोन वेगवेगळी मंत्रासारखी पाठ केलेली वाक्यं अचानक एकच निघाली. त्यांना इतका आनंद झाला की त्या मास्तरांना म्हणाल्या, "चहा करा तुमच्या हातचा." केला. खरंच वाईट होता.

पण मास्तर आता सुटले होते. शिंप्याला माप दिलं की तो गप्प बसत नाही. टॉर्चसाहेबांकडून बाईंनी एक तक्ता मागून आणला होता, त्यात जगभर ही ऊब कशाकशात मोजतात ते होतं. मास्तरांचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथे चौरस फूट होता. टेपच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर घेऊन ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे आव्हानच होतं.

"हे आमच्याकडे नाही लागत हो," बाई म्हणाल्या. "तिन्ही वॉर्मर चौरस मीटरवाले आहेत."

"नसू दे. जरा गंमत." मास्तरांनी जमिनीवर कागद पसरून मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन आखला. मग त्यात फुटाचे चौकोन आखायला घेतले. आडवे तीन बसले आणि थोडी पट्टी उरली. उभे तीन बसले आणि तशीच पट्टी उरली. "किती झाले पुरे चौकोन?"

"नऊ."

"आणि या उरलेल्या चिंध्या?"

बाईंनी कात्री घेतली. पट्ट्या कापल्या, शेजारी शेजारी लावून फुटाच्या चौकोनात बसवून पाहिल्या. एक चौकोन पुरा भरला. दुसरा पाऊण भरला आणि पट्ट्या संपल्या.

"नऊ आणि पावणेदोन," बाई म्हणाल्या. "पावणेअकरा."

"बघ! मला वाटायचं, मीटरमध्ये तीन फूट, म्हणजे चौरस मीटरमध्ये तीनच चौरस फूट," मास्तर म्हणाले. हे खोटं होतं. मास्तरांना असं कधीच वाटलं नव्हतं, पण बाईंना तसं वाटत होतं हे त्यांनी ओळखलं होतं.

मग उष्णतेची गोष्ट. फूटवाल्यांचं एकक बीटीयू. एक पौंड पाणी त्यांच्या अंशाने एक अंश तापवायला लागते तेवढी उष्णता. मास्तरांनी किटलीत पाणी ठेवून हेही दाखवायचा प्रयत्न केला, पण किटली उतू गेली, शेगडी विझली आणि बाईंनी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. शेवटी तक्त्यावर विश्वास ठेवून दोघांनी हिशेब केला. तासाला एक बीटीयू म्हणजे वॅटचे जेमतेम तीन दशांश. पण फुटाच्या चौकोनांची संख्या पावणेअकरा. गुणून पाहिलं तर चौरस फुटावरचा तासाचा एक बीटीयू म्हणजे चौरस मीटरवरचे तीन वॅट आणि वर थोडेसे.

"तीन आणि चिमूटभर," बाई म्हणाल्या.

"चिमूटभर म्हणजे शंभरातले पंधरा-सोळा. पुन्हा सोळा! बघ, सोळा तुझ्या नशिबातच आहे."

त्यानंतरचे काही महिने बाईंचे सुखाचे गेले. दर आठवड्याला त्या मीटर गादीवर ठेवायच्या, आकडा वाचायच्या, जुन्या काट्याच्या आकड्यात शंभराला सोळा वाढवायच्या आणि मीटरशी ताडायच्या. टॉर्चसाहेब एकदा म्हणाले, "सिस्टर, हल्ली तुमची मापं फार व्यवस्थित येतात." बाईंनी मान खाली घातली. या वेळी तो खरोखरच विनय होता.

आणि मग ती दुपार आली.

आदल्या दिवशी टॉर्चसाहेब हातातला मीटर तपासून आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत गेले होते आणि तिथून सुटे भाग घ्यायला पुढे जाणार होते. विभागातल्या तिन्ही वॉर्मरखाली बाळं होती. दुपारी नव्या वॉर्मरपैकी एकाची कांडी तडतडली आणि विझली. त्या बाळाची तब्येत सुधारली होती, बाईंनी त्याला गुंडाळून आईच्या छातीशी दिलं आणि तो प्रश्न मिटला. पण तेवढ्यात ऑपरेशनच्या खोलीतून निरोप आला. कमी दिवसांचं बाळ येतंय, गादी तयार ठेवा.

गादी कुठे होती? बाईंना साठवणीच्या खोलीतला चौथा वॉर्मर आठवला. एक छोटा दवाखाना बंद पडला तेव्हा तो दान म्हणून आला होता. टॉर्चसाहेबांनी तो तपासून, तारा बदलून "चालू" अशी चिठ्ठीही चिकटवली होती, फक्त अजून विभागात आणला नव्हता. बाई आणि वॉर्डबॉय दोघांनी तो ढकलत आणला. प्लग लावला. कांडी हळूहळू लाल झाली.

शेजारच्या ऑपरेशनच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. आईला टाके घालायचे बाकी होते, त्यांना थांबता येत नव्हतं. "सिस्टर, बाळ रडलंय, श्वास छान आहे. फक्त गार पडतंय. नेहमीसारखं ठेवा!"

नेहमीसारखं म्हणजे अडीचशे. बाईंचा हात बटणावर गेला. काट्याखालचे आकडे शून्यापासून दोनशेपर्यंतच होते. अडीचशे नव्हतेच. दोनशेपर्यंत नेऊन ठेवू, बाईंनी मनात म्हटलं, थोडं कमी पडेल पण चालेल. त्यांनी बटण फिरवायला सुरुवात केली. पन्नास. शंभर. वर धरलेल्या डाव्या हाताच्या पाठीवर ऊब जाणवू लागली. एकशे दहा. ऊब जरा जास्तच होती. एकशे वीस.

बाईंनी हात थांबवला. मग वाकून काट्याखालची बारीक अक्षरं वाचली. वॅट नव्हतं. किलोकॅलरीही नव्हती. बीटीयू, तास, चौरस फूट.

तक्ता टॉर्चसाहेबांच्या खोलीत, खोलीला कुलूप. बाळ दारात आलंच होतं. दाई त्याला कपड्यात गुंडाळून उभी होती आणि तिच्या मागे बाळाची आजी, पदर तोंडावर धरून. बाईंच्या कानात ते जुनं हसू उठलं. पण हसू मोठं व्हायच्या आत डोळ्यांसमोर जमिनीवर पसरलेला खाकी कागद आला. नऊ चौकोन आणि चिंध्या.

तीन आणि चिमूटभर. अडीचशेचे तीन भाग. तीन आठे चोवीस, म्हणजे ऐंशी आणि वर तीन. त्र्याऐंशी. पण नुसते तीन नाहीत, चिमूट आहे, म्हणजे वाटेकरी थोडे जास्त, वाटा थोडा कमी. ऐंशीच्या जरा खाली. बाईंनी बटण मागे आणलं. डावा हात गादीवर धरला. कोवळं ऊन.

"द्या इकडे," त्या दाईला म्हणाल्या. बाळ गादीवर ठेवलं, पुसलं, टोपी घातली. मुलगी होती. हातात मावेल एवढी, रागावलेली. बाईंनी काखेत थर्मामीटर लावला, एक हात तिच्या छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचा फोन ओढला. मास्तरांच्या दुकानात फोन नव्हता, शेजारच्या औषधवाल्याकडे होता. औषधवाल्याने मास्तरांना हाक मारली. मास्तर धावत आले, कारण बाईंनी दुपारी फोन करायची ही पहिलीच वेळ.

"काय झालं गं?"

"काही नाही. गप्प बसा आणि ऐका. अडीचशे वॅटचे बीटीयू किती? फूटवाले?"

मागून गिऱ्हाइकाचा आवाज येत होता, "मास्तर, बाही लांब झालीय!"

"तू सांग," मास्तर म्हणाले. "मी करतोय, पण तू आधी सांग."

"ऐंशीला थोडे कमी."

खडू घासल्याचा आवाज. औषधवाल्याच्या काउंटरवर हिशेब चालला असावा. बाई थर्मामीटरकडे पाहत होत्या.

"एकोणऐंशी," मास्तर म्हणाले. "आणि वर चिमूटभर."

"मी तिथेच ठेवलंय."

"मग मला कशाला विचारलंस?"

त्या म्हणाल्या, "बाही नीट करा त्यांची," आणि फोन ठेवला.

थर्मामीटर चढत होता. सावकाश, पण चढत होता. बाई तिथून हलल्या नाहीत. पुन्हा लावला, पुन्हा पाहिला. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मुलीचं अंग साडेछत्तीसला पोचलं होतं आणि तिचे निळसर तळवे गुलाबी झाले होते. डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला, भुवया उंचावल्या, खालची अक्षरं वाचली आणि मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. तो करायला त्यांनाही थोडा वेळ लागला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "सिस्टर, मी 'नेहमीसारखं' म्हणाले होते."

"हो."

"यापुढे तसं म्हणणार नाही."

बाहेर बाकावर आजी बसली होती. बाईंनी तिला आत बोलावून काचेतून दाखवलं. "आमच्या वेळी बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायचे," ती म्हणाली. "किती जाळ घालायचा, ते माझी सासू नुसती बघून सांगायची."

"तुमची सासू हुशार असणार," बाई म्हणाल्या.

"कसली हुशार! दोनदा पलंगपोस जाळला." आजी पहिल्यांदा हसली, आणि मग तिने डोळे पुसले.

टॉर्चसाहेब परतले ते हातात मीटर घेऊनच विभागात आले. चौथ्या वॉर्मरच्या गादीवर, बाळाच्या शेजारी, त्यांनी मीटर ठेवला. दोनशे सत्तेचाळीस. त्यांनी पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. मग ते बाईंकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. चिठ्ठी लावली, पण एकक लिहिलं नाही." एवढं म्हणून ते गेले आणि त्या आठवड्यात त्यांनी दोन्ही जुन्या वॉर्मरचे काटे उघडून, नवी तबकडी बसवून, चारही वॉर्मर एकाच एककात आणले. सगळीकडे वॅट आणि चौरस मीटर.

आता रूपांतर करायची गरजच उरली नाही. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना थोडं वाईट वाटलं. इतकं शिकून काय उपयोग, असं त्या घरी येऊन म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "माझंही तसंच. बेलबॉटम कापायला शिकलो आणि फॅशन गेली."

मुलगी वजन धरून, पायात बाईंचे मोजे घालून घरी गेली. त्यानंतर मेट्रनबाईंनी मोजेबाईंना बोलावलं. बाईंना वाटलं, जुन्या मागणीची आठवण झाली असेल, आता बदली होणार. पण मेट्रनबाईंनी वेगळंच काढलं. नव्या मुलींना औषधांचे आणि यंत्रांचे हिशेब शिकवायला कुणीतरी हवं होतं.

"मी?" बाई म्हणाल्या. "मला गणित येत नाही."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते वेगळंच."

"तेवढंच येतं."

"मग तेवढंच शिकवा," मेट्रनबाई म्हणाल्या. "पुढचं पुढे."

पहिला तास. वर्गात ओळीने बसलेल्या मुली, समोर फळा, आणि फळ्यापाशी आपण. त्यांनी खडू उचलला आणि एक सोपं गणित लिहिलं. एका चुणचुणीत मुलीने चटकन उत्तर दिलं आणि ते चुकलं. वर्गात दोन-तीन जणी हसल्या.

बाईंनी खडू खाली ठेवला. "इथे कुणी हसायचं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण असा काही होता की वर्ग चिडीचूप झाला. मग त्या चुकलेल्या मुलीजवळ जाऊन बसल्या, तिच्या शेजारच्या बाकावर, आणि म्हणाल्या, "कसं केलंस ते सांग मला. मीही अशीच चुकायचे, फक्त तुझ्यापेक्षा जास्त." मुलगी हळूहळू सांगू लागली. अर्ध्यावर आली आणि तिला स्वतःलाच चूक सापडली.

बाई निवृत्त होईपर्यंत तो तास घेत राहिल्या. हुशार मुली त्यांच्याकडे कधी फार गेल्या नाहीत, पण ज्यांचं घोडं पेंड खायचं त्या सगळ्या तास संपल्यावरही त्यांच्याभोवती घुटमळत. कधी एखादी असा प्रश्न विचारायची की बाईंना उत्तर येत नसे. तेव्हा त्या सरळ सांगायच्या, "उद्या विचारून येते."

अशाच एका संध्याकाळी त्या प्रश्न घेऊन दुकानात गेल्या. मास्तर मशीनपाशी बसल्या बसल्या झोपले होते, चष्मा नाकावर घसरलेला, कॉलरला दोरा ओवलेली सुई टोचलेली. बाईंनी हाक मारली नाही. हळूच सुई काढून सुयांच्या उशीला खोचली, दोरा गुंडाळला, आणि ते जागे होईपर्यंत स्टुलावर बसून एका अर्ध्या पॅन्टची तळशिलाई घालत राहिल्या.